तीनदा चाळलेली माती

माठातलं पाणी कोमट लागलं, तेव्हा डोमाजी वरवाड्यांनी आधी आपल्या जिभेवरच संशय घेतला.

"नंदे, हे पाणी आत्ता भरलं का वो?"

"नाही बाबा. काल संध्याकाळी भरलं."

"मग थंडं काहून नाही?"

नंदानं घोट घेऊन पाहिला. पाणी खरंच कोमट होतं. तिनं माठाच्या पोटावरून हात फिरवला. माठ बाहेरून ओलाचिंब होता, थेंब ओघळून खालची वाळू भिजली होती. म्हणजे तो पाझरत होता, त्याच्यात दोष नव्हता. असणारही नव्हता. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या डोमाजींनी तो स्वतः घडवला होता, आणि कनकापूरच्या भट्टीपुऱ्यात त्यांच्या माठाला नाव ठेवण्याची कुणाची छाती नव्हती.

"माठ बरोबर आहे," डोमाजी म्हणाले. "हवा बिघडली."

नवतप्याचा तो पहिला दिवस होता. मे महिन्याच्या अखेरचे हे नऊ दिवस विदर्भात सगळ्यांत कडक समजले जातात.

माठ पाणी कसं थंड करतो, हे आधी नीट समजून घेऊ, कारण या गोष्टीतलं सगळं त्यावरच उभं आहे. भाजलेल्या मातीला डोळ्यांना न दिसणारी लाखो छिद्रं असतात. आतलं पाणी त्यांतून झिरपून बाहेर येतं आणि वाफ होऊन हवेत उडून जातं. उडायला उष्णता लागते. ती उष्णता ते माठातल्या पाण्याकडून घेतं, म्हणून मागं राहिलेलं पाणी थंड होतं. आपल्या अंगावरचा घामही हेच काम करतो. पण दोघांचीही एक अट आहे: हवेत जागा पाहिजे. हवा कोरडी असेल तर ती पाणी पटकन उचलते. आधीच ओलाव्यानं गच्च भरलेली असेल तर उचलत नाही. मग माठ नुसताच ओला राहतो आणि माणूस नुसताच घामेजतो.

हे घरी करून पाहता येतं. दोन तापमापक शेजारी टांगा. एकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळा आणि पंख्याचा वारा घाला. कोरड्या हवेत पहिला शेहेचाळीस दाखवत असला तरी ओला चोविसावर उतरतो. दमट हवेत दोघं जवळजवळ येतात. आणि लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की उन्हाळ्यात माणसाचं शरीर ओल्या तापमापकावर जगतं. तो ओला पारा पस्तिशीला टेकला, की सावलीत स्वस्थ बसलेल्या धडधाकट माणसालाही शरीर थंड ठेवता येत नाही. म्हाताऱ्यांची वेळ त्याच्या आधीच येते.

डोमाजींच्या नातीनं, नंदाच्या ओवीनं, असे दोन तापमापक घरात टांगले होते. तिनं मातीकामाच्या तंत्राची पदविका घेतली होती. त्या दुपारी कोरडा एकोणचाळीस दाखवत होता आणि ओला साडेचौतीस.

"आबाजी, तुम्ही आजच्या आज मावशीकडे गावाले चला," ओवी म्हणाली.

"चाक कोण फिरवन मग? तू?" डोमाजी हसले. "जा, कामावर जा. उशीर झाला तर तुह्या मनगटातला कंपनीचा पट्टा बोंबलन."

सहाव्या दिवशी दुपारी चाकाजवळच डोमाजी आडवे झाले. अंग भट्टीसारखं तापलं होतं आणि त्यावर घामाचे थेंब तसेच उभे होते, एकही न उडता.

*

हवा कशानं बिघडली, हे भट्टीपुऱ्यात सगळ्यांना माहीत होतं. वस्तीच्या पश्चिमेला, दोन हाका अंतरावर, मनोरा उभा होता.

वीस वर्षांत कनकापूर देशातल्या सगळ्यांत वेगानं श्रीमंत होणाऱ्या शहरांपैकी एक झालं होतं. बॅटऱ्यांचे कारखाने आले, गणकयंत्रांची मोठाली गोदामं आली आणि त्यांच्या पैशावर, आज मनोरा आहे त्याच्याही पलीकडं, पश्चिमेच्या टेकडीवर श्रीमंतांचं शिखरनगर उभं राहिलं. चौकातल्या फलकावर दरवर्षी सरासरी उत्पन्नाचा नवा आकडा झळके. खोटं कशाला बोला, भट्टीपुऱ्याची मजुरीही वाढली होती, चारशेची सातशे झाली होती. शिखरनगरात ती वाढ वीसपट होती. दोन्ही एका टोपलीत टाकून हलवलं, की जो आकडा निघे तो फलकावर चढे, आणि तो वाचून भट्टीपुऱ्यातल्या माणसालाही क्षणभर वाटे की आपलं बरं चाललंय.

इतक्या कारखान्यांची आणि घरांची उष्णता काढणार कशी? विजेवर चालणारी यंत्रं परवडेनात. तेव्हा शंतनू मोहरील नावाच्या इंजिनियरनं मनोरा काढला. मनोरा म्हणजे शंभर मीटर उंचीचा एक माठच. त्यात हाताच्या वितीएवढ्या चार लाख पातळ खापऱ्या मांडलेल्या. कारखान्यांतून आणि घरांतून तापून आलेलं पाणी त्या खापऱ्यांवर सोडायचं, पंख्यांनी त्यांतून पश्चिमेचा कोरडा वारा ओढायचा. थोडं पाणी वाफ होऊन जातं, उरलेलं थंड होऊन नळांनी परत शिखरनगरात जातं. विजेचा खर्च दहावा हिस्सा. जगभरातून माणसं हे पाहायला आली.

पण उष्णता नाहीशी होत नाही, ती फक्त जागा बदलते. शिखरनगरातली सगळी उष्णता वाफेच्या रूपानं मनोऱ्याच्या मागच्या तोंडातून बाहेर पडे, आणि ते तोंड पूर्वेला होतं. भट्टीपुऱ्याकडे.

मनोऱ्याची कल्पना शंतनूला कुठं सुचली, हेही भट्टीपुऱ्याला माहीत होतं. सतरा वर्षांपूर्वी तो कॉलेजातून पाठीवर पिशवी घेऊन डोमाजींच्या अंगणात आला होता. "बाबाजी, मला माती शिकायचीय." डोमाजींनी त्याला पहिलं वर्षभर फक्त चाळणी दिली.

कनकापूरच्या तळ्याच्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. भट्टीत भाजले की त्यांची चुनकळी होते. भांडं वरून सुरेख दिसतं, टणटण वाजतं. पण ती कळी पुढं ओलावा पिते, पिऊन फुगते, आणि फुगली की सभोवतालच्या मातीचा टवका उडवते. कधी आठ दिवसांनी, कधी महिन्यानं. खडा जितका खोल आणि जितका कडक भाजलेला, तितका उशीर. म्हणून डोमाजींच्या घरी माती तीनदा चाळत: आधी जाड, मग मध्यम, मग लुगड्याच्या तलम कापडातून.

शंतनूच्या हाताला फोड आले. नंदा तेव्हा तिशीची होती. ती त्याला हळद लावून द्यायची आणि चिडवायची, "इंजिनियरसाहेब, एवढ्यात रडू नका, अजून दोन चाळण्या बाकी आहेत." तो तिला ताई म्हणे. त्यांच्याच ताटात जेवे. डोमाजींचा एक नेम होता: विचारेल त्याच्यापासून काही लपवायचं नाही. शंतनू दोन वर्षं विचारत राहिला आणि डोमाजी सांगत राहिले. भुशाचं प्रमाण, भट्टीची आच, छिद्रं किती मोठी ठेवायची ते.

नंतर त्यानं पेटंट घेतलं. 'मोहरील पद्धत', एकूण चौदा कलमं. ओवीनं ती शाळेत असताना आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवली होती. डोमाजींचं नाव त्यात कुठंच नव्हतं. चौथ्या कलमात लिहिलं होतं: माती तीन वेळा, क्रमानं बारीक होत जाणाऱ्या चाळण्यांतून चाळणं.

डोमाजी ऐकून हसले होते. "बरोबर लिवलं पोरानं. काही विसरला नाही."

*

डोमाजींच्या तिसऱ्या दिवसाला शंतनू आला. दारात पांढरी गाडी, अंगावर पांढरा सदरा, सोबत दोन माणसं.

"नंदाताई, मला माझेच वडील गेल्यासारखं वाटतंय."

नंदानं रीतीप्रमाणं गूळ आणि माठातलं पाणी पुढं केलं. शंतनूनं गुळाचा खडा तोंडात टाकला. पेल्याला ओठ लावले, आणि तो तसाच खाली ठेवला. मग त्यानं सोबतच्या माणसाकडून आपली बाटली घेतली.

"पाणी गोड लागलं नाही का?" नंदानं विचारलं.

"तसं नाही ताई. डॉक्टरांनी सांगितलंय."

"बाबा म्हणत, हवा बिघडली."

"हवा?" शंतनूनं फोन काढून तिच्यासमोर धरला. "हे बघा. शहराबाहेर आत्ता शेहेचाळीस आहे. तुमच्या चौकात अडतीस. मनोऱ्यामुळं तुमच्याकडं आठ अंश कमी झालंय, ताई. पूर्ण आठ. मी मुद्दाम तिथं तापमानाचा फलक लावायला सांगितला. बाबाजींचं वय झालं होतं."

ओवीनं भिंतीवरच्या दुसऱ्या तापमापकाकडं बोट दाखवलं. "सर, हा ओला पाहा ना. साडेचौतीस."

शंतनूनं पाहिलं. तो इंजिनियर होता. काय पाहतो आहे ते त्याला कळलं. नंदा त्याच्या चेहऱ्याकडंच बघत होती. ते कळणं एका क्षणापुरतं चेहऱ्यावर आलं आणि पुसलं गेलं.

"हे घरगुती आहे," तो म्हणाला. "प्रमाणित उपकरण नाही."

तो गेल्यावर नंदानं त्याचा पेला उचलला आणि पाणी अंगणात ओतलं. तिला रडू आलं नाही. बापाच्या जाण्याचं दुःख तोवर मऊ होतं, ओल्या मातीसारखं. त्या दुपारी ते भाजलं गेलं.

*

खापऱ्यांचा हंगाम थंडीचा. मनोरा हिवाळ्यात बंद असे. तेवढ्या काळात भट्टीपुऱ्यातली दीडशे माणसं शंतनूच्या कंपनीच्या शेडमध्ये चार लाख खापऱ्या करून देत, कारण क्षार साचून खापऱ्यांची छिद्रं वर्षभरात बुजत आणि दर उन्हाळ्याआधी सगळ्या बदलाव्या लागत. यंत्रानं करून पाहिल्या होत्या. यंत्राची खापरी एकसारखी निघे, पण पाझरत नसे.

त्या डिसेंबरात शेडच्या दारावर नवा कागद लागला. कामगारांच्या मनगटावर पट्टे असत, ते हातांची प्रत्येक हालचाल मोजत. वर्षभराची मोजणी करून संगणकानं हिशोब मांडला होता: एकूण श्रमातले एकतीस टक्के तास चाळणीत जातात, आणि त्यातून एकही खापरी तयार होत नाही. चाळणी बंद. चाळणाऱ्या चाळीस बायांना कामावरून कमी. खाली मोहरीलसाहेबांची सही.

नंदा तिथं साच्यावर होती, पण तिची शेजारीण चंद्रकला चाळणीवरच होती. ती कपाळावर हात मारून बसली.

"अवं नंदा, डोकं फिरलं का याचं? बिनचाळल्या मातीच्या खापऱ्या! जेठ लागला की लाह्यांसारख्या फुटतीन. तुही ओळख आहे, जाऊन सांग ना त्याले."

"त्याले माहीत आहे," नंदा म्हणाली. "वर्षभर चाळली त्यानं आमच्या अंगणात."

"मग सही कशी केली?"

"डोक्याले माहीत आहे, हात विसरले असतीन. पंधरा वर्षं झाले मातीत घालून."

"मग आठवण दे!"

नंदाला बाबा आठवले. बाबा असते तर आतापर्यंत शिखरनगरात पायी पोचले असते, दारावरच्या रखवालदाराशी भांडले असते, 'पोरा, चाळणी नको बंद करू' म्हणून ओरडले असते. पण बाबांचा नेम विचारणाऱ्यासाठी होता. नंदाला कुणी विचारलं होतं?

"मले त्यानं इचारलं नाही, चंद्रकले," ती म्हणाली. "इचारलं तर सांगीन."

एक गोष्ट मात्र तिला झोपू देत नव्हती. खापऱ्यांच्या प्रत्येक खोक्यावर ओवीचा शिक्का बसत होता. ओवी कंपनीत गुणवत्ता तपासायची. चार तास भिजवायचं, वजन करायचं, दाबून पाहायचं, शिक्का मारायचा. चार तासांत चुनकळी काहीच बोलत नाही. उद्या खापऱ्या फुटल्या तर पहिला हात ओवीवर पडणार. आणि जूनमध्ये ओवीला बढती मिळायची होती, शिखरनगराच्या पायथ्याशी दोन खोल्यांची जागा मिळायची होती. थंड पाण्याच्या नळासकट.

"आई, आपण दोघी जाऊ तिकडं," ओवी भाकरी मोडता मोडता म्हणाली. "या हवेत तुले ठेवणार नाही मी."

"तुही खापरी पास होऊन राहिली का बरोबर?"

"होऊन राहिली ना. काहून?"

"नाही. असंच."

नंदानं तव्यावर दुसरी भाकरी टाकली. जिभेवर आलेलं ती गिळत होती. लेकीला सांगितलं, तर लेक नोकरीपोटी वर कळवणार, शंतनू वाचणार. नाही सांगितलं, तर लेक अडकणार. ती भाकरी करपेपर्यंत नंदा तव्याकडं बघत उभी होती. शेवटी ती गप्पच राहिली, आणि आपल्या त्या गप्प राहण्याचीच तिला भीती वाटली.

जानेवारीत शंतनू शेडमध्ये आला. पाहुण्यांना रांगा दाखवत दाखवत नंदाच्या पाटाशी थांबला. तिनं नुकतीच साच्यातून काढलेली ओली खापरी त्यानं तळहातावर घेतली. कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा खडा दिसत होता. शंतनूचा अंगठा त्यावर आला. थांबला. पुन्हा फिरला. नंदानं साचा बाजूला ठेवला. आता हा विचारणार. विचारलं तर सांगावं लागणार, बापाच्या नेमाला ती बांधलेली होती.

"नंदाताई," तो म्हणाला.

"जी, साहेब."

पाहुण्यांपैकी कुणीतरी इंग्रजीत काहीतरी विनोद केला. शंतनू वळून हसला. खापरी त्यानं परत पाटावर ठेवली आणि रुमालानं अंगठा पुसला.

"सगळं ठीक ना?"

"तुमच्या कागदाप्रमाणं चाललं आहे, साहेब."

"छान," तो म्हणाला, आणि पुढं गेला.

*

मेच्या मध्याला नव्या खापऱ्या मनोऱ्यात चढल्या. पाणी सुटलं, पंखे सुरू झाले. भट्टीपुऱ्यातल्या भिंतींना पुन्हा ओल आली, पापड वाळेनात, माठ कोमटले. चौकातला फलक अभिमानानं अडतीस दाखवू लागला. पहिल्या आठवड्यातच पाच घरं सोडून असलेली लक्ष्मीबाई गेली. फलक अडतीसच होता.

नवतप्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी नंदा अंगणात बसली होती. मनोऱ्याकडून आवाज आला. फट्. मग थोड्या वेळानं दुसरा. कुणी ओलं लाकूड जाळावं तसा.

चंद्रकला दारात आली. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

"बोलू लागल्या," चंद्रकला म्हणाली.

संध्याकाळपर्यंत लाह्या फुटाव्यात तसे आवाज येत होते. टवके उडाले, खालच्या खापऱ्यांवर पडले, त्या मोडल्या, त्यांचा चुरा पाण्याच्या नळांत गेला आणि चुन्यानं नळ गच्च झाले. तिसऱ्या दिवशी पंखे थांबले. चौथ्या दिवशी शिखरनगरातल्या काचेच्या इमारतींमधून माणसं बाहेर पडू लागली. त्या इमारतींना उघडणाऱ्या खिडक्याच नव्हत्या. मेलं कुणी नाही. त्यांना जायला डोंगरावरची घरं होती, विमानं होती, नातेवाईक होते. दवाखान्याची स्वतःची यंत्रं होती. कारखाने मात्र थांबले. गोदामांतली गणकयंत्रं एकामागून एक झोपली. सरासरी उत्पन्नाचा फलक बंद पडला, कारण तो चालवणारं यंत्रही त्यातलंच होतं.

आणि भट्टीपुऱ्यात वारा सुटला. रखरखीत, कोरडा, धुळीचा, पूर्वीसारखा. चौकातला तापमानाचा फलक शेहेचाळिसावर चढला. नंदानं भिंतीवर पाहिलं. ओला तापमापक चोविसावर उतरला होता. तिनं माठाला हात लावला आणि तो तसाच बराच वेळ तिथं ठेवला.

*

पाचव्या दिवशी शंतनू आला. या वेळी गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि तो एकटा चालत आला. सदरा धुळीनं मळला होता. हातात कागदांची घडी होती. ओवी घरातच होती. कंपनीनं तिला दोन दिवसांपूर्वी घरी बसवलं होतं.

नंदानं गूळ आणि पाणी पुढं केलं. शंतनूनं पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. तो थांबला, पेल्याकडं पाहिलं.

"थंड आहे," तो म्हणाला.

"हो. हवा सुधारली."

मग शंतनूनं कागदाची घडी उलगडली.

"ताई, मला दहा दिवसांत चार लाख खापऱ्या पाहिजेत. चाळलेल्या. मागाल ती मजुरी."

"नाही जमत."

"मग हे वाचून दाखवतो. चाळणी बंद करण्याआधी संगणकानं गुणवत्ता विभागाला एक प्रश्न पाठवला होता. 'ही क्रिया आवश्यक आहे का?' उत्तर आहे, 'नाही.' खाली नाव आहे ओवीचं." त्यानं कागद नंदासमोर ठेवला. "कुंभाराची नात. तिला माहीत नव्हतं, यावर कोण विश्वास ठेवेल? हे जाणूनबुजून केलेलं नुकसान आहे. पोलिसात गेलं तर दहा वर्षं आहेत. मला जायचं नाहीये. खापऱ्या द्या, मी कागद फाडतो."

नंदानं कागदाकडं पाहिलं, मग लेकीकडं. ओवी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"ओवी?"

"हो आई. मले इचारलं होतं. मी 'नाही' लिहिलं."

पाच महिने नंदा जिला वाचवावं की नाही म्हणून जळत होती, ती तिच्या आधीच आगीत उतरली होती.

"जा सर पोलिसात," ओवी शांतपणे म्हणाली. "मी येते सोबत. फक्त तुमचं पेटंट घेऊन चला. चौथं कलम. 'माती तीन वेळा चाळणं.' हा शोध तुमचा आहे ना? जगात सगळ्यांत आधी तुम्हाला कळलं, असं लिहून दिलंय तुम्ही. मग चाळणी बंद करायच्या कागदावर सही करताना, शोध लावणाऱ्याले कळलं नाही का?"

शंतनूनं तोंड उघडलं.

"म्हणा, कळलं होतं," ओवी म्हणाली. "तर नुकसान तुम्ही जाणूनबुजून केलं. म्हणा, कळलं नव्हतं. तर तो शोध तुमचा नाही, या घरातून उचललेला आहे. कोर्टात दोन्हीतलं एक म्हणावं लागन. आबाजींले वाचून दाखवलं तेव्हापासून चौदाही कलमं मले पाठ आहेत."

बाहेर वाऱ्यानं पत्रा वाजला. शंतनूनं कागद उचलला, घडी घातली, पुन्हा उलगडली. सतरा वर्षांपूर्वी या अंगणात फोड आलेले हात घेऊन बसलेला पोरगा क्षणभर त्याच्या चेहऱ्यात दिसून गेला, पण नंदाला त्याची दया आली नाही. तिनं दया शोधून पाहिली. नव्हती.

"नंदाताई," तो शेवटी म्हणाला. "काय करू मी? तुम्ही सांगा."

अखेर त्यानं विचारलं. आणि विचारणाऱ्यापासून लपवायचं नाही, असा या घराचा नेम होता.

"सांगते," नंदा म्हणाली. "नीट ऐक. पेटंटवर बाबाचं नाव टाक, पहिलं. चाळणीवरच्या चाळीस बाया परत घे. आन् मनोऱ्याचं तोंड फिरव. पूर्वेचं पश्चिमेला कर. तोंड फिरलं की खापऱ्या देतो. तीनदा चाळून."

"पश्चिमेला?" तो दचकला. "ताई, त्या बाजूला शिखरनगर आहे. पंखे सगळी वाफ तिकडंच ढकलतील. तिथं लोक राहणार कसे?"

"काहून? फलकावर आकडा तर उतरन ना!" नंदा म्हणाली. "शेहेचाळीसचे अडतीस. पूर्ण आठ अंश कमी. मोठा फलक लाव तिथं. खूश होतीन लोक."

शंतनू उठला. दारापर्यंत गेला, एकदा वळून माठाकडं पाहिलं आणि बाहेर पडला. गल्लीतून जाताना त्यानं दोनदा रुमालानं मान पुसली. पुसावी लागत नव्हती. या हवेत घाम आपोआप उडून जात होता. सवयीनं पुसली.

दोघी मायलेकी दारात उभ्या राहिल्या.

"मले काहून नाही सांगितलं तू?" नंदानं विचारलं.

"तू सांगितलं होतं का मले?"

खुंटीवर तिन्ही चाळण्या टांगलेल्या होत्या. लुगड्याच्या कापडाची शेवटची वाऱ्यानं भरून येत होती आणि रिकामी होत होती. ओवी त्यांच्याकडं बघत होती.

"आई, आबाजींचा नेम मोडला मी. इचारलं होतं त्यानं, आन् मी खोटं सांगितलं." तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "आबाजी असते तर सांगितलं असतं ना त्याले? चाळणी नको बंद करू म्हणून?"

"पहिल्याच दिवशी. ओरडून सांगितलं असतं."

"मग?"

नंदानं शंतनूचा पेला उचलला. या वेळी तो पूर्ण रिकामा होता. तिनं तो विसळला, माठात बुडवला आणि भरून लेकीच्या हातात दिला. पाणी इतकं गार होतं की पेल्याच्या बाहेरूनही हाताला झिणझिण्या आल्या.

"म्हणून तर ते आज नाहीत," ती म्हणाली. "पी."